घासून पुसलेलं नाव

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी चहाचा कप माझ्या पुढ्यात ठेवला आणि मी बूड टेकायच्या आत विचारलं, "तिकडं दफनभूमीत तुमचं कुणी आहे का?"

"छे हो. अभ्यासाला आलेय," मी म्हटलं.

खोटं बोलताना माझा आवाज उगाच चढतो. तसा तो चढला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पिशवीकडं, मग खिडकीबाहेर. "अभ्यास," त्या म्हणाल्या, आणि साखरेचं भांडं माझ्यापासून जरा लांब सरकवलं. मी मनात म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीनं साधा प्रश्न विचारला तर एवढं काय? पण मला घरात फौजदार म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. दूधवाला हसला तरी मला वाटतं, यानं आज पाणी घातलंय. हा गुण आजोबांकडून आला. डॉक्टर त्यांना तपासायला लागले की ते डॉक्टरांनाच विचारतात, तुम्ही शिकलात कुठं?

आजोबांच्या संशयाला मात्र कारण आहे. ते रांगायलाही लागले नव्हते तेव्हा त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, लढाईवर गेले. पुढं सरकारी निरोप आला, बेपत्ता. मेले असंही नाही आणि आहेत असंही नाही. लढाई संपल्यावर त्यांच्याच तुकडीतला एक जण गावात परतला आणि भर चौकात सांगून मोकळा झाला, "मी त्याला या डोळ्यांनी पाहिलाय. एका गावात, एका बाईच्या गाडीत. चांगला जिवंत होता." झालं. लोकांना तेवढं पुरलं. पणजोबा पळाले, तिकडं बाई केली, दुसरा संसार थाटला. शाळेत पोरं आजोबांना गाडीवान म्हणून चिडवायची. त्यांचं लग्न ठरायच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं होतं, वडील नक्की वारले ना? आज आजोबांच्या तोंडात दात नाहीत, पण तो प्रश्न अजून जसाच्या तसा आहे. बाप मेला, की मला टाकून गेला?

आमच्या इतिहास विभागानं लढाईच्या जागा बघायला विद्यार्थ्यांची सहल काढली, तेव्हा मी जागांची नावं वाचली आणि ओरडतच घरी गेले. पणजोबांची तुकडी जिथं लढली ती टेकडी त्यात होती. तिथल्या दफनभूमीच्या संकेतस्थळावर शोधलं, तर पणजोबांच्या नावाचा दगडही निघाला. मला वाटलं, आजोबा आनंदानं वेडे होतील. ते म्हणाले, "दगड काय, कुणाच्याही नावाचा उभा करता येतो. खाली कोण आहे ते बघ."

"खाली कसं बघू? खणू?"

"डोकं वापर. आणि तू कोण ते कुणाला सांगू नकोस. आधी समोरच्याला बोलू दे. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं, तर मला फोन लाव. माझ्याकडं एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर देईल तो खरा, बाकी सगळे लबाड."

"कुठला प्रश्न?"

"तुला सांगितला तर तू तिकडं बडबडशील."

बघा म्हणजे! पोटच्या लेकीच्या लेकीवर हा विश्वास.

तर चहा संपवून आम्ही निघालो. आमचे सर सगळ्या वर्गाला टेकडीवर घेऊन गेले. टेकडी कसली, जमिनीला आलेलं टेंगूळ. वर नांगरलेलं शेत, उतारावर झाडी, खाली ओढा. सर हात पसरून सांगत होते, इकडून हे आले, तिकडून ते आले. खंदकाचा एक तुकडा तारेच्या कुंपणात जपून ठेवलाय. त्यात गवत माजलंय, आणि तो इतका उथळ की यात माणूस लपायचा कसा, हेच मला कळेना. सर म्हणाले, माती दरवर्षी थोडी थोडी भरत जाते. शेताच्या बांधावर गंजलेल्या लोखंडाचा, न फुटलेल्या तोफगोळ्यांचा ढीग होता. नांगर फिरला की अजून वर येतं म्हणे, शेतकरी ते बांधावर आणून ठेवतात आणि सरकारी गाडी येऊन उचलते. आमच्यातल्या एकानं ढिगाकडं हात नेला, तर सर असे खेकसले की सगळेच मागं सरले.

बाकीचे फोटो काढत होते. मी तिथून पळून बघत होते. म्हणजे मनातल्या मनात. वरून गोळ्या येतायत, मला जीव वाचवायचाय, तर मी कुठं जाईन? झाडीत शिरेन, उतारानं खाली येईन, ओढ्याच्या काठाकाठानं चालत राहीन आणि थेट त्या गावात पोचेन, जिथं आम्ही उतरलो होतो. वाट सोपी होती. आजवर मी आजोबांच्या बाजूनं सगळ्यांशी भांडत आले, आणि त्या टेकडीवर उभी राहून मला पहिल्यांदाच वाटलं, गेले असतील पळून. कुणीही गेलं असतं.

तिथून दफनभूमी. गावाच्या टोकाला, भिंत नाही, नुसतं छाटलेल्या झुडपांचं कुंपण. आत पांढऱ्या दगडांच्या रांगा, दगडावर नाव, तुकडी आणि वय. वय वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण नजर तिथंच जायची. बहुतेक सगळे आमच्या वर्गात बसतील अशा वयाचे. आमच्यातली वात्रट मंडळीसुद्धा गप्प झाली होती. पणजोबांचा दगड अगदी मागच्या रांगेत, कुंपणाला लागून. मी शोधत शोधत तिथं पोचले आणि थबकले.

शेजारचे दगड करडे पडलेले, कडा झिजलेल्या. हा मात्र पांढराफेक, नुकताच बसवल्यासारखा. त्याच्यासमोर काचेच्या बरणीत ताजी फुलं, लाल, बारीक पाकळ्यांची. त्या सबंध रांगेत दुसरीकडं फुलाचा पत्ता नव्हता. समोरचं गवत एका ठिकाणी दबून पिवळं पडलेलं, म्हणजे तिथं कुणीतरी नेहमी बसत होतं. मी कुंपणामागं डोकावले, तर घडीचं स्टूल दडवून ठेवलेलं!

मनात शंकेची पाल अशी चुकचुकली की विचारू नका. लढाईत गेलेल्या परक्या माणसाला इतक्या काळानंतर ताजी फुलं कोण वाहतं? बायको वाहते. पोरंबाळं वाहतात. आणि आमच्या घरातलं तर इथं कधी कुणी फिरकलंच नव्हतं.

पलीकडं माळी लांब दांड्याच्या कात्रीनं दगडांच्या कडेचं गवत कापत होता. मी गळ्यात कॅमेरा तसाच ठेवून त्याला गाठलं. "ही फुलं कोण ठेवतं हो?"

कात्री थांबली. "कुठली फुलं?"

"ती काय. बरणीतली. दिसतायत की ढळढळीत."

"ठेवत असेल कुणीतरी. लोक येतात." त्यानं कॅमेऱ्याकडं पाहिलं. "तुम्ही मुख्य कचेरीतून आलात का?"

"कचेरीतून आले असते तर काय सांगितलं असतं?"

"हेच सांगितलं असतं."

"आणि हा एकटाच दगड नवा कसा?"

"दगड बदलावे लागतात मॅडम. झिजतात."

"मग शेजारचे का नाही बदललेत? ते काय लोखंडाचे आहेत?"

त्या माणसाचं ततपप सुरू झालं. पाण्याचा पाइप बघून येतो म्हणाला आणि सटकला. जाताना कुंपणामागचं ते स्टूल काखेत मारून घेऊन गेला, आणि मला दिसू नये म्हणून पलीकडच्या काखेत. माझ्यापासून! फौजदारापासून!

ती बरणी आपण कुठंतरी पाहिलीय असं मला वाटत होतं. कुठं, ते संध्याकाळी जेवायच्या टेबलावर कळलं. मालकीणबाईंच्या फडताळात तशाच बरण्यांची रांग होती, तारेचा चाप असलेल्या. मी हात धुवायच्या निमित्तानं मागं गेले, तर अंगणात तीच लाल फुलं डोलत होती. परत आले ती थेट भिंतीवरच्या फोटोंपाशी. मधोमध एक जुना फोटो होता. एक तरुण बाई घोड्याचा लगाम धरून उभी, कडेवर तान्हं मूल, आणि घोड्यामागं गाडी.

एका बाईच्या गाडीत.

"ही माझी आई," मागून मालकीणबाईंचा आवाज आला. बाई आजोबांच्याच वयाच्या असाव्यात, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. "आणि कडेवर आहे ती मी."

"गाडी तुमचीच होती?"

"आईच हाकायची. गावात तेव्हा पुरुष उरले होते कुठं?"

"आणि तुमचे वडील?"

बाई पदराला हात पुसत होत्या, त्या पुसतच राहिल्या. "आहेत ना. इथं जवळच असतात. सकाळी जाऊन येते मी," त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून मला विचारलं, "का? हेही अभ्यासात आहे?"

मी त्यांच्या कानांकडं बघत होते. मोठे कान, पाळ्या लोंबलेल्या. आजोबांचे कान तसेच आहेत. म्हाताऱ्या माणसांचे कान मोठेच दिसतात हे मला एरवी सुचलं असतं, पण त्या वेळी डोक्यात एकच घोळत होतं. ही आजोबांची सावत्र बहीण. लोक बोलत होते ते सगळं खरं. पणजोबा टेकडीवरून पळाले, या घरात आले, या टेबलावर जेवले, या बाईचे बाप झाले, आणि पुढं कधीतरी मेल्यावर कुणीतरी वशिला लावून त्यांना सैनिकांच्या रांगेत झोपवलं. म्हणून दगड नवा!

तेवढ्यात आजोबांचा फोन आला.

"सापडला?"

"दगड आहे."

"आणि खाली?"

"बघतेय."

"तुझा आवाज चढलाय. काय लपवतेस?"

"काही नाही हो."

मग आजोबांनी अगदी हळू विचारलं, "बाई आहे ना?"

जेवण गार होतंय म्हणून मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. राग पणजोबांचा येत होता, आणि त्याहून जास्त त्या लाल फुलांचा. एवढ्याशा पोराला टाकून गेलेल्या माणसाला रोज ताजी फुलं! आणि इकडं ज्याला टाकलं तो आयुष्यभर टोमणे खात बसलाय.

सकाळी सगळे सामान बांधत होते. मी सरांना सांगितलं, एक फोटो राहिलाय, आणि मालकीणबाईंच्या पाठोपाठ निघाले. त्यांच्या हातात पिशवी, त्यात बरणी आणि फुलं. त्या दफनभूमीत शिरल्या, माळ्यानं मुकाट्यानं स्टूल आणून दिलं. मी कुंपणाच्या बाहेरून वाकून वाकून मागच्या रांगेपर्यंत गेले आणि झुडपाआड बसले.

बाईंनी आधी ओल्या फडक्यानं दगड टिपला, अगदी तान्ह्या मुलाचं तोंड टिपावं तसा. जुनी फुलं काढली, नवी ठेवली. मग स्टुलावर बसून बोलायला लागल्या.

"बाबा, वरच्या खोलीतला नळ पुन्हा गळायला लागलाय. माणूस बोलावलाय, पण तो काही येत नाही मेला. आणि ही एक नवीनच कटकट. एक पोरगी उतरलीय. अभ्यासाला आलेय म्हणते. अभ्यास कसला, माळी सांगत होता, तुमच्याच दगडापाशी घुटमळत होती. फुलं कुणाची, दगड नवा का, नुसत्या चौकशा. काल आईच्या फोटोसमोर उभी होती, तोंड हे एवढंसं झालेलं. मला तिचा भरवसा वाटत नाही बाबा. ती तुमच्या घरची असणार. तुम्हाला न्यायला आली असणार. पण मी नेऊ द्यायची नाही, सांगून ठेवते."

माझा संयम तो केवढा! मी झुडपातूनच उठले. "तुमचे बाबा? अहो, माझे पणजोबा आहेत ते! माझ्या आजोबांचे बाबा!"

बाई दचकून उठल्या, स्टूल कलंडलं. "बघ! मला ठाऊकच होतं! अभ्यास म्हणे! खोटारडी!"

"खोटारडी मी? आणि तुमची आई कोण? दुसऱ्याचा नवरा गाडीत घालून घरी नेणारी!"

मला वाटलं, त्या आता माझ्या थोबाडीत देतात. त्यांनी नुसतं विचारलं, "काय म्हणालीस?"

माळी कात्री घेऊन धावत आला होता. पण मी कुणाला ऐकते? मी सगळं ओकून टाकलं. तो परत आलेला सैनिक, तो चौक, ती गाडी, शाळेतली पोरं. "माझ्या आजोबांना जन्मभर गाडीवान म्हणून चिडवलंय लोकांनी! बाप टाकून गेला म्हणून! तुमच्या त्या गाडीपायी!"

बाईंनी स्टूल उचललं, नीट उभं केलं आणि त्यावर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गाडीत घातलं होतं, खरंय," त्या म्हणाल्या. "पाय राहिले नव्हते बाळा त्यांना. चालत कसे आले असते?"

मी झुडपातून पाय सोडवून आत आले.

"लढाई चालू असताना गावातल्या बायका गाड्या घेऊन टेकडीखाली जायच्या. जो हलत असेल त्याला उचलून आणायच्या. आईनं यांना ओढ्याकाठी उचललं. वर घोंगडी टाकली. गावात शिरताना यांचीच माणसं भेटली होती, आई सांगायची, पुढच्या गावाकडं निघालेली. गाडी थांबवायला वेळ कुणाला होता? एकानं हात केला, यांनीही केला. तोच असेल तुमचा तो. घोंगडीखालचं त्याला काय दिसणार?"

"मग कुणी कळवलं का नाही? आमच्या घरी बेपत्ता म्हणून निरोप आला."

"आईनं त्यांच्या साहेबाला नाव, तुकडी सगळं सांगितलं होतं. साहेब पुढं गेला आणि तोही नाही परतला. दगडावरचं नाव पुढं आईनंच सांगितलं, पण घरचा पत्ता तिला ठाऊक नव्हता."

माळी मान खाली घालून गवताकडं बघत होता. बाई आता माझ्याशी बोलत होत्या की दगडाशी, मला कळत नव्हतं. "आमच्या घरात थोडे दिवस काढले त्यांनी. तू काल जेवलीस ना, त्या खोलीत. मी तेव्हा तान्ही. सारखी रडायचे म्हणे. माझे खरे बाबा दुसऱ्या आघाडीवर गेलेले, आई एकटी, यांच्या जखमा बघेल की मला घेईल? तर हेच म्हणाले, आणा तिला इकडं. मी निघालो तेव्हा माझ्याही घरी एवढंच होतं. आईनं मला त्यांच्या छातीवर ठेवलं. मी गप झाले. गेले तेव्हाही मी तिथंच झोपलेली होते."

"आणि तुमचे बाबा?"

"आलेच नाहीत. त्यांचा दगडसुद्धा नाही कुठं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "ही दफनभूमी झाली तेव्हा ज्यांचं घर लांब आहे त्यांचे दगड गावातल्या घरांनी सांभाळायला वाटून घेतले. कुणाला कुठला, ते सोडत काढून. आईनं सोडत काढू दिली नाही. हा माझ्या घरातून गेलाय, मलाच द्या म्हणाली. दर आठवड्याला मला घेऊन धुवायला यायची. मी विचारायचे, आपले बाबा कुठं आहेत? ती काही बोलायची नाही. मग मीच ठरवून टाकलं, हेच ते. खरं कळलं तोवर मी मोठी झाले होते. आता इतक्या वर्षांच्या बाबांना काय काका म्हणू?"

मला रडू येत होतं, पण फौजदारी काही सुटेना. "आणि दगड नवा का?"

बाईंनी आणि माळ्यानं एकमेकांकडं पाहिलं. "सांगून टाका आता," माळी म्हणाला.

"आई ब्रशनं घासायची. कपड्याच्या साबणानं, खसाखसा. तिच्यामागं मी. आपला दगड कसा लख्ख दिसायला हवा की नाही? घासून घासून नावच पुसून टाकलं आम्ही. अक्षर म्हणून दिसेना. कचेरीनं नवा बसवला आणि मला तंबी दिली, पुन्हा हात लावायचा नाही, बाहेरची फुलं आणायची नाहीत. म्हणून हा बिचारा स्टूल लपवतो, फुलांचं विचारलं की कानांवर हात ठेवतो. त्याला वाटलं, तू कचेरीची."

मी एवढ्यातही फिस्सकन हसले. मग तिथंच गवतावर बसून मोठ्यानं रडले. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या हातानं दगडाची कड घट्ट धरून ठेवली. "न्यायला नाही ना आलीस?" त्यांनी विचारलं.

"ते आजोबा ठरवतील," मी म्हटलं आणि फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा आवाज केला. एका दमात सगळं सांगितलं. ओढा, घोंगडी, छातीवरचं मूल.

"गोष्टी कुणीही रचतं," आजोबा म्हणाले.

"आजोबा, अहो!"

"तू गप. बाईंना दे." त्यांचा आवाज कापत होता, तरी तोच, डॉक्टरांना तपासणारा. "बाई, तुम्हाला त्यांच्या छातीवर ठेवलं होतं म्हणता. मग ते तुम्हाला काय म्हणून हाक मारत होते? आईनं सांगितलं असेल तर बोला. नसेल तर नाही म्हणा, रागावणार नाही."

म्हणजे हा तो प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मला आठवतंय, मी देव पाण्यात घातल्यासारखी मनात म्हणत होते, सांगा हो, काहीतरी सांगा.

"माझं नाव त्यांनी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "गाठोडं म्हणायचे. ए गाठोड्या, झोप आता. शेवटपर्यंत तेच चाललं होतं म्हणे. मग आईच्या तोंडी तेच बसलं. आई असेपर्यंत मी गाठोडंच होते."

पलीकडून जो आवाज आला तो आजोबांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"माझं आहे ते," आजोबा म्हणाले. "ते माझं नाव आहे. मला दुपट्यात गुंडाळलं की ते मला गाठोडं म्हणायचे. ते गेल्यावर आईनं मला त्या नावानं कधी हाक मारली नाही. म्हणायची, त्यांचं ते, तेच येऊन मारतील."

बाईंनी मोकळ्या हातानं फोन धरला. "मला ठाऊक नव्हतं हो. आयुष्यभर तुमचं मी वापरलं. आता परत तरी कसं करू?"

"परत नका करू. ते मला हाक मारत होते, बाई. जाताना मलाच मारत होते. तुम्ही नसतात तर ती ऐकली कुणी असती?" आजोबांनी नाक शिंकरलं. "आणि तो चौकातला माणूसही खोटं नव्हता बोलला. जिवंत होते, गाडीत होते. घोंगडी तेवढी उचलून बघितली नाही त्यानं."

"न्याल का त्यांना?" बाईंनी विचारलं. एवढा वेळ दगडाची कड सोडली नव्हती त्यांनी.

"कशाला? इथं आणून रोज त्यांना नळाचं कोण सांगणार?" नळाचंही मी सांगून टाकलं होतं, एका दमात. "माझं एक काम करा. फोन त्यांच्यासमोर ठेवा जरा."

बाईंनी स्टूल दगडासमोर सरकवलं, फडक्यानं पुसलं आणि त्यावर फोन ठेवला. मग माझा दंड धरून मला उठवलं. "चल. त्यांचं त्यांना बोलू दे."

आम्ही रांगेच्या टोकापर्यंत गेलो. माळीही आला, कात्री खाली ठेवून. माझे कान एरवी भिंतीपलीकडचं ऐकतात, पण त्या दिवशी मी पाठ करून उभी राहिले आणि मुद्दाम सरांच्या बसचा विचार करत राहिले. तरी एकदा वारा आमच्याकडं फिरला आणि आजोबांचा आवाज ऐकू आला. "बाबा, मी गाठोडं बोलतोय."

शेजारी मालकीणबाईंनी माझा दंड घट्ट धरला, आणि आम्ही आणखी थोडं लांब गेलो.